प्रातिनिधिक स्वरूपात

"खोकं इकडं द्या, ताई," असं बोंद्रे पडद्यामागून म्हणाले, ते माझ्या माइकमधूनही थोडंसं ऐकू गेलं. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी वर बघितलं. त्यांना ते माझंच वाक्य वाटलं असावं.

मी तेव्हा विद्यापीठात मराठी शिकवत होतो. मराठीच्या प्राध्यापकाला शिकवण्याखेरीज दोन कामं असतात. कुणी आलं की सूत्रसंचालन करायचं आणि कुणी गेलं की शोकठराव लिहायचा. त्या दिवशी पाहुणे आले होते, म्हणून मी माइकवर होतो.

समारंभ मोठा होता. आमच्या माळावर बिनतारी इंटरनेट आलं होतं. म्हणजे जागोजागी खांब उभे राहिले होते आणि त्यांच्या टोकाला पांढऱ्या डब्या बसवल्या होत्या. शिवाय खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलींना लॅपटॉप मिळायचे होते. पाहुण्यांनी टाळ्यांच्या गजरात माउसचं बटण दाबलं आणि मागच्या पडद्यावर विद्यापीठाचं संकेतस्थळ झळकलं. तो फोटो होता, आदल्या दिवशी काढून ठेवलेला. खरं इंटरनेट ऐन वेळी दगा देतं, फोटो देत नाही, एवढा अनुभव आमच्या गाठी होता.

मग मी म्हणालो, "आता प्रातिनिधिक स्वरूपात काही विद्यार्थिनींना मान्यवरांच्या हस्ते लॅपटॉप प्रदान करण्यात येतील."

प्रातिनिधिक स्वरूपाची एक रीत असते. मुलीनं डावीकडून वर यायचं, पाहुण्यांकडून खोकं घ्यायचं, दोघांनी ते धरून फोटोग्राफरकडे बघायचं, आणि मुलीनं उजवीकडून पडद्यामागे जाऊन खोकं भांडारपाल बोंद्र्यांकडे परत द्यायचं. लॅपटॉप आधीच काढून भांडारातल्या पोलादी कपाटात ठेवले होते, कारण खोक्यांसकट ते त्यात मावेनात. खोकी तेवढी मंचावर आली होती. अगदीच हलकी लागू नयेत म्हणून बोंद्र्यांनी आत वजनाला काहीतरी घातलं होतं. मुलींना हे सगळं सकाळच्या तालमीत सांगितलेलं होतं आणि मुली शहाण्या होत्या. पहिलीनं दिलं, दुसरीनं दिलं, तिसरीनं तर थँक्यू म्हणून दिलं.

शेवटची विजयमाला घोलप. माझ्याच वर्गातली, एम.ए. पहिलं वर्ष. तिनं खोकं घेतलं, फोटो झाला, ती पडद्यापर्यंत गेली. बोंद्र्यांनी हात पुढे केला. तिनं एकदा त्या हाताकडे बघितलं आणि एकदा समोर. समोर तिचे वडील खुर्चीमागे टाचा उंचावून उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि कानांच्या पाळ्यांवर पीठ. तरसवाडीत त्यांची गिरणी होती.

विजयमाला वळली आणि खोकं छातीशी धरून समोरच्या पायऱ्या उतरून सरळ वडिलांकडे गेली.

"सर, थांबवा तिला," बोंद्रे कुजबुजले.

"माइकवरून?"

बोंद्र्यांनी विचार केला. "मग नको."

माझ्या हातातल्या कागदावर पुढची ओळ होती, ती मी वाचली. जोरदार टाळ्या होऊ द्या. झाल्या.

दुसऱ्या दिवशी ती विभागात आली आणि दारातच उभी राहिली.

"ये," मी म्हटलं, "तू तर पळालीस."

"पळाले नाही सर. चालत गेले. पळाले असते तर पकडलं असतं." ती बसली. "आता खरा कधी देणार?"

"देतील की सगळ्यांना. तुला एवढी घाई कसली?"

मग तिनं सांगितलं. तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला, घर चांगलं, माणसं चांगली, आणि लग्नानंतर मुलीनं शिकायची गरज नाही, असं त्या चांगल्या माणसांचं मत होतं. वैशाखातली तारीख त्यांना हवी होती. तिचे वडील भानुदास घोलप अडाणी नव्हते आणि कठोरही नव्हते. ते पेचात होते. लॅपटॉपची बातमी आली तेव्हा त्यांनी स्वतःच तोड काढली होती. विद्यापीठ एवढी किमती वस्तू पोरीच्या हातात देत असेल, तर तिच्यात काहीतरी बघूनच देत असेल. तसं झालं तर स्थळाला नाही म्हणायचं आणि पोरीला शिकू द्यायचं. नाही झालं तर वैशाखात उरकायचं.

"काल तुम्ही माइकवर लेकी शिकल्या वगैरे म्हणत होतात ना, तेव्हा आप्पांनी डोळे पुसले," ती म्हणाली. "पीठ गेलं असेल म्हणा."

"मग खोकं उघडल्यावर?"

"उघडलं नाही अजून. आप्पा म्हणाले, एवढी मोठी वस्तू, मुहूर्तावर उघडायची. पाडव्याला. तोवर गिरणीत देवाच्या फळीवर ठेवलंय. हळदकुंकू लावून. रोज उदबत्ती फिरवतात." तिनं माझ्याकडे बघितलं. "पाडव्याच्या आत खरा मिळाला तर मी गुपचूप बदलीन. बाकी काही नको, सर."

"पण तरसवाडीला वायफाय कुठून येणार?"

"इथं तरी कुठून येतंय?" ती म्हणाली.

मी लगेच उठून भांडारात गेलो. लॅपटॉप तेव्हा मनात आलं की विकत आणायची वस्तू नव्हती. आमच्याकडे तो फक्त कुलगुरूंच्या टेबलावर होता, आणि त्यांनीही त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. पण विद्यापीठाच्या कपाटात तिच्या नावाचा पडून असताना विकत कशाला आणायचा, असं मला वाटलं. मी आशावादी माणूस होतो. पुढे निवृत्त झालो.

बोंद्रे सज्जन होते. त्यांनी चहा मागवला. त्यांच्या मागे ते पोलादी कपाट होतं, आणि भिंतीला लागून, छतापर्यंत, रौप्यमहोत्सवात छापलेले आणि न खपलेले विद्यापीठाच्या इतिहासाचे गठ्ठे. तो इतिहास मी लिहिला होता. 'माळावरचा दीप' असं त्याचं नाव. भांडारात आलं की मी त्या भिंतीकडे बघत नसे.

"घोलपला लॅपटॉप द्यायचाय," मी म्हटलं.

"दिलाय की."

"खोकं दिलंय, बोंद्रे."

"खोक्यावर नंबर आहे सर. ज्यांनी खोकी परत केली, त्यांचे लॅपटॉप भांडारात जमा आहेत. हिनं केलं नाही, म्हणजे हिचा हिच्याकडे आहे. अख्ख्या योजनेत लॅपटॉप मिळालेली ती एकमेव विद्यार्थिनी आहे, बघा."

"तो या कपाटात आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे," बोंद्रे अगदी मृदूपणे म्हणाले, "पण भांडाराला माहीत नाही."

खोकं परत आणलं तर तिचाही जमा करून घेऊ, मग सगळ्यांबरोबर तिलाही मिळेल, असा तोडगा त्यांनी काढला. खोकं देवाच्या फळीवर आहे, असं मी सांगितलं. बोंद्र्यांनी हात जोडले. देवाच्या कामात त्यांना पडायचं नव्हतं.

मी कुलसचिवांकडे गेलो. डॉ. सरनोबत हे नेहमी हसतमुख असत. दार उघडणाऱ्या माणसाचं काम होणार नाही, हे त्यांना आधीच माहीत असल्यामुळे त्यांच्या मनावर ताण नसे.

"वाळिंबेसर, तिचा फोटो पेपरात आलाय," ते म्हणाले. "आता आणखी एक दिला, तर एका मुलीला दोन दिल्यासारखं होईल. बाकीच्या मुलींना काय वाटेल?"

"बाकीच्यांना एकही मिळालेला नाही."

"त्यांना वायफाय सुरू झालं की देणार आहोत. नुसता लॅपटॉप देऊन काय करतील? योजना जोडीची आहे."

"वायफाय कधी सुरू होणार?"

"उद्घाटन झालंय ना."

"हो. पण सुरू कधी?"

"ते मुलींनी वापरून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"कशावर वापरून?"

"लॅपटॉपवर," सरनोबत म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे अशा कौतुकानं बघितलं, जणू अवघड गणित मीच सोडवलं होतं.

पाडव्यापर्यंत मी त्या दोन खोल्यांमध्ये पुष्कळ हिंडलो. चहा खूप झाला. खांबांवरच्या पांढऱ्या डब्यांपैकी ग्रंथालयाजवळच्या डबीवर कावळ्यानं घरटं बांधायला घेतलं. आमच्या सबंध परिसरात वायफायचा पहिला लाभार्थी तोच. विजयमाला रोज तासाला येई आणि तास संपल्यावर नुसती माझ्याकडे बघे. मी मान हलवत असे. मग तिनं बघणंही सोडलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "सर, उद्या तुम्ही या. आप्पांनी बोलावलंय. तुमच्या हातानं नारळ फोडायचाय."

"त्यांना आधी सांगून टाकू या का?"

"मी सांगितलं तर मी खोटी. तुम्ही सांगितलंत तर ऐकून तरी घेतील. तुमच्यासमोर ते आवाज चढवत नाहीत."

मी ठरवलं, खोकं उघडायच्या आधी त्यांना बाजूला घ्यायचं, खरं काय ते सांगायचं आणि पोरीसाठी एक वर्ष मागून घ्यायचं.

तरसवाडीत उतरलो तर गिरणीला तोरण लावलेलं. दाराशी गुढी. आत पट्टा बंद, पण पिठाचा वास होताच. बाया दळणाचे डबे घेऊन आल्या होत्या आणि डबे ठेवून थांबल्या होत्या. माझ्यासाठी खुर्ची होती, तिच्यावर टॉवेल होता. समोरच्या फळीवर, गणपतीच्या शेजारी, ते खोकं. त्याच्या चारी बाजूंना हळदकुंकवाची पाचही बोटं उठलेली आणि वर झेंडूची माळ.

"या सर, या," भानुदास म्हणाले. "विजूनं सांगितलं, तुमी येणार. मी म्हनलं, सर शब्दाचं पक्कं."

"भानुदासराव, जरा बाजूला येता? दोन शब्द बोलायचेत."

"बोलू की. आदी नारळ फोडा, मग दिवसभर बोलू."

"नाही, आधीच बोलायला हवं."

"मुहूर्त टळंल, सर," ते म्हणाले आणि नारळ माझ्या हातात दिला. कोपऱ्यात विजयमाला भिंतीला टेकून उभी होती. तिनं मला नुसती नकारार्थी मान हलवून दाखवली. आता नको, असं तिला म्हणायचं होतं, की आता उपयोग नाही असं, ते मला कळलं नाही. मी नारळ फोडला.

भानुदासांनी माळ बाजूला ठेवली, खोकं खाली घेतलं, नमस्कार केला आणि पोत्यांची सुतळी कापायच्या सुरीनं वरची चिकटपट्टी कापली. बाया पुढे सरकल्या. आतून थर्माकोल निघाला. थर्माकोलच्या खाचेत, बरोबर मापात बसलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, ते होतं.

मुखपृष्ठावर समई होती. माळावरचा दीप. विद्यापीठाच्या वाटचालीची पंचवीस वर्षे. लेखक प्रा. मुकुंद वाळिंबे.

भानुदासांनी ते उलटं केलं. मागे माझा फोटो होता, काळ्या केसांतला. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं.

"सर," ते हळू म्हणाले, "हे तर तुमीच हाय."

मी त्या पुस्तकावर एक वर्ष घालवलं होतं. त्याचं वजन कुणाच्या कामी येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

मग एक म्हातारी डब्यावर हात ठेवून म्हणाली, "भानुदास, याला बटनं कुठंशी असत्यात रं?"

भानुदासांनी पुस्तक खोक्यात परत ठेवलं, थर्माकोल लावला आणि झाकण मिटलं. त्यांचा चेहरा तसाच होता.

"म्हातारे, आज निस्ता मुहूर्त केला," ते म्हणाले. "मशीन मागनं येतंय. सायेब सोताच सांगाय आल्यात न्हवं का? पेढं घ्या."

लोकांनी पेढे घेतले. पट्टा सुरू झाला, दळणं लागली. त्या आवाजात भानुदासांनी मला मागच्या बाजूला नेलं, तिथं पोती होती. मी सगळं सांगितलं. कपाट, नंबर, सगळं; कावळा तेवढा सोडला. मग म्हणालो, "एक वर्ष थांबा. पोरगी हुशार आहे. विद्यापीठ देईल."

ते पिठाच्या पोत्यावर हात फिरवत ऐकत होते. आवाज त्यांनी चढवला नाही. पोरीचा अंदाज बरोबर होता.

"सर, तुमचा राग न्हाई," ते म्हणाले. "पर इद्यापीठाला माझी पोरगी फोटोपुरती पायजे हुती. त्या पावण्यांना कायमची पायजे. मी बाप हाय. कुणाचं ऐकू, तुमीच सांगा."

मी शोकठराव लिहिणारा माणूस. शब्दांची मला कधी वाण पडली नव्हती. गिरणी चालू होती, त्यामुळे मी बोललो नाही हे बहुधा त्यांना कळलं नसावं.

परत येताना विजयमाला एस.टी.च्या थांब्यापर्यंत आली. काय बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बाहेरून परीक्षा देता येते."

"हो सर," ती म्हणाली. एवढ्या समजूतदारपणे म्हणाली, की मी एस.टी. येते का ते बघू लागलो.

वैशाखात लग्न झालं. मी गेलो होतो. मंचावर आशीर्वाद द्यायला चढलो, फोटोग्राफरनं सगळ्यांना समोर बघायला सांगितलं. समोर बघत, ओठ फारसे न हलवता, विजयमाला म्हणाली, "सर, तुमचं पुस्तक सगळं वाचलं."

आजवर असं कुणी म्हणालं नव्हतं. छापणाऱ्यानंसुद्धा नाही.

"ग्रंथालयाच्या प्रकरणात एक चूक राहिलीय," ती म्हणाली. "पायाभरणीच्या आधी उद्घाटन झालंय."

"ती चूक नाही गं," मी म्हटलं. "तसंच झालं होतं."

ती हसली. फोटोत ते हसू आलं आहे. नवऱ्यामुलाच्या घरी तो भिंतीवर लावला असेल, तर लोक म्हणत असतील, मुलगी किती खुशीत होती.

पावसाळ्यात विद्यापीठाला कळलं, की तिनं शिक्षण सोडलं. विद्यापीठाला मुलगी गेल्याचं सहसा कळत नाही, पण वस्तू गेल्याचं कळतं. लॅपटॉप परत करण्याबद्दल तरसवाडीला निरोप गेला, आणि एका दुपारी भानुदास घोलप उपरण्यात बांधलेलं खोकं घेऊन माझ्या विभागात आले.

"सर, संगं चला. मला त्यातलं बोलता याचं न्हाई."

आम्ही भांडारात गेलो. बोंद्र्यांनी चहा मागवला. खोक्यावरचा नंबर ताडून बघितला, खोकं उचललं, हातात तोललं.

"वजन बरोबर आहे," ते म्हणाले.

"उघडून बगा की," भानुदास म्हणाले.

"छे. उघडलं तर मला आतलं लिहावं लागेल. चिकटपट्टी तुमची दिसते. चालेल." आणि त्यांनी भानुदासांना लॅपटॉप परत मिळाल्याची पावती दिली, सही-शिक्क्यानिशी. खोकं उचलून माझ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर ठेवलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पुस्तक घरी ठेवलं असतंत तरी चाललं असतं."

"पुस्तक कुठं दिलंय?" भानुदास म्हणाले. "ते विजू सासरी घेऊन गेली. म्हनली, इद्यापीठातनं एवढंच मिळालंय, ते तरी ऱ्हाऊ दे." त्यांनी पावतीची घडी घालून वरच्या खिशात ठेवली. "आत पीठ हाय. जोंधळ्याचं. मोजून घातलंय."

दुसऱ्या वर्षी पुन्हा समारंभ झाला. कुलगुरू बदलले होते, त्यामुळे बिनतारी इंटरनेट पुन्हा यायचं होतं. कावळ्याचं घरटं काढून डबी पुसली होती. पाहुण्यांनी बटण दाबलं, पडद्यावर फोटो आला. या वेळचा रंगीत आणि स्पष्ट होता, तेवढी प्रगती होती. पोलादी कपाटातल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या एव्हाना फुगल्या होत्या, असं बोंद्रे सांगत होते. पण ते कपाट कुणी मंचावर आणणार नव्हतं.

मी माइकवर होतो. प्रातिनिधिक स्वरूपात, असं म्हणालो. एक एक मुलगी आली, गेली. शेवटी एक किडकिडीत पोरगी आली, नाव वाचलं ते आता आठवत नाही. पाहुण्यांनी तिच्या हातात खोकं दिलं. खोक्याच्या बाजूला हळदकुंकवाची पाच बोटं होती. कडेनं थोडं पांढरं सांडलं आणि पाहुण्यांच्या काळ्या कोटावर पडलं. त्यांनी ते खडूची धूळ समजून झटकलं आणि शिक्षणक्षेत्राबद्दल आपुलकीनं हसले.

तिसऱ्या रांगेत एक बाई खुर्चीवर चढून बघत होती. पोरगी तिच्याकडे बघून हसली, मग शहाण्यासारखी उजवीकडे वळली. पडद्याआडून बोंद्र्यांचा हात पुढे आलेला होता. बाई अजून खुर्चीवरच उभी होती.

माझ्या हातातल्या कागदावर पुढची ओळ होती, ती मी वाचली. जोरदार टाळ्या होऊ द्या.

झाल्या.